पुड्या सोडणारा किडा आणि दोन ओंजळी मीठ

मटणाच्या दुकानात टांगलेली कलेजी चांगली आहे का खराब, हे मी पायरीवर उभी राहून सांगू शकते. चांगली असली तर माझं तिथं काही काम नसतं. खराब असली, तिच्यावर पांढरट, टपोरे, पाण्यानं भरलेले गोळे दिसले, की माझा जीव हरखतो. उमरग्याच्या मटण मार्केटात खराब माल मागणारी आणि तो मिळाला की खुश होणारी गिऱ्हाईक मी एकटीच.

पहिल्यांदा मागितला तेव्हा करीमभाई खाटकानं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"आपा, अच्छा माल छोडके ये कायकू होना तुमकू?"

मी म्हटलं, कॉलेजात लागतंय.

"कॉलेज में ये पकाते?"

पकवत न्हाईत, बघतात, असं सांगितलं. त्यानं ती गोळेवाली कलेजी पिशवीत टाकली आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "बघतात म्हणे." त्या दिवसापासून मार्केटात माझं नाव 'बघनेवाली आपा' पडलं. कॉलेजात मात्र सगळ्यांची मी मावशी. दोन्ही नावं मला आवडतात.

नोकरीबद्दल लिहा असं या अंकाच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी सातवी शिकलेली बाई, मी काय लिहिणार? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर मी बोलतेय, तुम्ही ऐकताय असं समजा.

आमचे हे कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पहिल्या दिवशी मी बरण्या पुसायला घेतल्या. बरणीत बेडूक, बरणीत साप, बरणीत दोन तोंडांचं कोकरू. घरी येऊन जेवण गेलं नाही. महिन्याभरानं मात्र त्या कोकराच्या बरणीशेजारी बसून मी डबा खायला लागले. माणसाला सगळ्याची सवय होते.

मायक्रोस्कोप मी कुणाकडनं शिकले नाही. रोज काचा पुसायच्या, हे माझं काम. पुसली तर नीट पुसली गेली का, हे बघायला पाहिजे. म्हणून बघायला लागले. आधी कांद्याचा पापुद्रा बघितला, मग हौदाचं पाणी, मग स्वतःची थुंकी. आमच्या सरांनी एकदा मला पकडलं. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "बघितलंत ना, मग लिहून ठेवा. जे हाताला लागलं ते वहीला लागलं पाहिजे." त्यांनीच मला पहिली वही दिली. तेव्हापासून मी काय केलं, कशात केलं, त्यात काय टाकलं, सगळं लिहिते. घरी सून हसते. म्हणते, अम्मी डाळीत हिंग टाकला तरी वहीत लिहितील.

कॉलेजातसुद्धा गिऱ्हाइकं यायची, खोटं वाटेल तुम्हाला. एक रिटायर गुरुजी होते. दर सोमवारी नळाचं पाणी बाटलीतून आणायचे. यात किडे आहेत, मला तसं लिहून द्या, नगरपालिकेला दाखवायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. पाणी बघावं तर स्वच्छ. चार सोमवार मी समजूत काढली. पाचव्या सोमवारी त्यांच्याच पिशवीतल्या ताकाचा थेंब काचेवर घेतला आणि म्हटलं, "गुरुजी, आता बघा." त्यांनी बघितलं. बराच वेळ डोळा काढला नाही. मग विचारलं, हे सगळे मी पितो? म्हटलं, रोज. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्यांच्या बायकोनं नंतर मला बाजारात गाठून सांगितलं, मावशी, ह्यांनी ताक सोडलं, आता त्यांची समजूत तुम्हीच काढा.

आता माझ्या गोळ्यांकडं येते.

वैशाली आमच्याच कॉलेजची पोरगी, सास्तूरची. पुढं शिकायला हैदराबादला गेली, डॉक्टरकीला. दवाखान्याची डॉक्टरकी नव्हे, अभ्यासाची. एका सुट्टीत ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, मावशी, मला मेंढराच्या कलेजीतले पाण्याचे गोळे लागतील, जिवंत. मी विचारलं, जगात इतके विषय, तुला हाच बरा सापडला. मग तिनं आईचं सांगितलं.

वैशालीचे वडील ती लहान असताना गेले. आई मेंढरं राखायची. काही वर्षांनी आईचं पोट वाढायला लागलं. ताप नाही, दुखणं नाही, खाणंपिणं व्यवस्थित, नुसतं पोट वाढतंय. विधवा बाईचं पोट वाढतंय म्हटल्यावर गावानं काय ते ठरवून टाकलं. पाणवठ्यावर बायका बोलायच्या थांबायच्या. वैशाली तेव्हा नववीत होती, सगळं कळत होतं. शेवटी मामानं सोलापूरला नेलं, तिथं फोटो काढला आणि डॉक्टरांनी आईच्या कलेजीतून नारळाएवढा पाण्याचा गोळा काढला. डॉक्टर म्हणाले, हा दहा-बारा वर्षांचा तरी असेल.

"मावशी, बोटात काटा गेला तर बोट ठणकतं, सुजतं, पू होतो," वैशाली म्हणाली. "नारळाएवढा किडा दहा वर्षं आत बसला आणि आईच्या अंगाला कळलं कसं न्हाय? मला एवढंच शोधायचंय."

मला तो प्रश्न लई आवडला. कारण तो पुस्तकातला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची अंडी कुत्र्याच्या शीतून रानात पडतात. मेंढरू गवताबरोबर ती खातं. अंड्यातलं पिल्लू रक्तातून कलेजीत जातं आणि स्वतःभोवती पाण्याचा फुगा करून बसतं. फुग्याच्या आत त्याची बारीक बारीक मुंडकी तयार होतात, शेकडो. ती तळाला बसली की वाळूसारखी दिसतात, आणि आम्ही त्याला वाळूच म्हणतो. ती कलेजी कुत्र्यानं खाल्ली की प्रत्येक मुंडक्याचा कुत्र्याच्या पोटात नवा किडा. माणूस यात चुकून सापडतो, कुत्र्याला कुरवाळून तसेच हात तोंडाला लावले म्हणून, कोथिंबीर न धुता खाल्ली म्हणून.

इथं एक गोष्ट मनाला लागते. माझं माहेर खाटकांच्या गल्लीतलं. खराब कलेजी निघाली की ती कुत्र्यांना टाकायची, ही आमची रीत. मुक्या जिवाच्या पोटात गेलं, वाया गेलं नाही, असं अम्मी म्हणायची. लहानपणी मीच टाकायची, कुत्री माझ्यामागं शेपट्या हलवत यायची. किती जणांच्या पोटात ते गोळे गेले असतील, अल्ला जाणे. आता करीमभाईच्या दुकानामागं खड्डा आहे, चुना टाकून पुरतात. मार्केटातली कुत्री माझ्याकडं अजून रागानं बघतात, त्यांच्या तोंडचा घास कुणी काढला हे त्यांना बरोबर माहीत आहे.

तर काम असं ठरलं. सकाळी करीमभाईकडनं गोळे आणायचे. कॉलेजच्या परवानगीचे कागद होते, हातमोजे होते. गोळ्यात सुई घालून पाणी ओढायचं, बाटलीत भरायचं, वाळू बसते का बघायचं. सगळ्या गोळ्यांत वाळू नसते. कुठला गोळा वांझ आणि कुठला भरलेला हे मला बाहेरून कळायला लागलं, भरलेल्याचं कातडं वेगळंच दुधाळ दिसतं. मग थेंबभर वाळूत लाल रंग टाकायचा. जिवंत मुंडकं रंग आत घेत नाही, काचेसारखं स्वच्छ राहतं. मेलेलं लाल होतं. शंभर मोजायची आणि त्यात किती लाल, ते बाटलीवर चिठ्ठी लावून लिहायचं. माझ्या बाटलीत शंभरात चार-पाच लाल असायची. मग थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या आणि डबा हैदराबादच्या बसमध्ये. तिकडं वैशाली स्टँडवर उतरवून घ्यायची.

एका कंडक्टरला तो डबा पाहून लई कुतूहल. "अम्मा, बिर्यानी का सामान है क्या?" मी म्हटलं, व्हय, पण ही बिर्यानी पेशींना खायला घालायची आहे. तो काही समजला नाही. पण जहिराबादच्या पुढं डबा सावलीत सरकवायचा, असं सांगितलं की तेवढं तो इमानानं करायचा.

पेशींना खायला घालायची म्हणजे काय, तर तेही वैशालीनंच समजावलं. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या अंगाच्या पहारेकरी. परकं कुणी आलं की त्यांनी ओरडा करायचा, सूज आणायची, बाकीच्यांना बोलवायचं. वैशाली म्हणाली, "हा किडा अंगातून अतिशय बारीक फुगे सोडतो, वेसिकल म्हणतात. तुमच्या मायक्रोस्कोपमधून कधी दिसायचे न्हाईत इतके बारीक. त्यात त्याचा माल भरलेला असतो. आपली पेशी तो फुगा गिळते आणि आतला माल तिच्या कामात ढवळाढवळ करतो. मग पहारेकरी ओरडत न्हाय."

मी म्हटलं, "म्हणजे किडा पुड्या सोडतो म्हण की."

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. आपल्याकडं खोटंनाटं सांगणाऱ्याला पुड्या सोडतो म्हणतात ना, तेच. हा किडा खरोखरीच पुड्या बांधतो, खरोखरीच सोडतो आणि आत खोटंच असतं, की सगळं ठीक आहे, झोपा. पुढं तिकडच्या प्रयोगशाळेतल्या तेलुगू पोरीसुद्धा पुडीच म्हणायला लागल्या. माझ्या आयुष्यातला एक शब्द हैदराबादला कामाला लागला, याचं मला अजून हसू येतं.

पहिल्या हिवाळ्यातले डबे सुरेख गेले. वैशालीचा फोन यायचा, मावशी, तुमच्या पुड्यांनी पेशी गप्प बसतात. तिच्या मॅडम म्हणायच्या म्हणे, उमरग्याचा नमुना आला की परत मोजायला नको, मावशीनं बघितलंय. हे ऐकून मी किती फुगले ते काय सांगू. माझ्याच गोळ्याएवढी.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा आणि त्यात पाच तासांची बस. बर्फ हुमनाबादपर्यंत पाणी व्हायचा. मी विचार करत बसले आणि मला आमचा बशीर आठवला. बशीर माझा धाकटा भाऊ, हयातभर कुल्फीची गाडी चालवली. तो बर्फात जाडं मीठ टाकायचा. मीठ टाकलं की थंडावा कसा कडक होतो, ते मी लहानपणापासून बघत होते. मी प्रत्येक डब्यात बर्फावर दोन ओंजळी जाडं मीठ टाकायला लागले. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, बाटल्या घट्ट बंद, मीठ बाहेर.

वैशाली म्हणाली, मावशी, बाटल्या इतक्या गार आल्या की हाताला झोंबल्या. मी ती शाबासकी समजले.

उन्हाळा संपत आला तेव्हा तिचा फोन आला, आवाज आनंदानं कापत होता. म्हणाली, गंमत झालीय. हिवाळ्यातल्या पुड्या पेशींना गप्प करतात आणि उन्हाळ्यातल्या उलट्या भडकवतात. उन्हाळ्यात मेंढरांना पाणी कमी, ऊन जास्त, त्याचा किड्यावर परिणाम होऊन त्याच्या पुड्याच बदलत असतील. हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मॅडम खुश होत्या. येत्या शनिवारी मोठ्या लोकांपुढं हे मांडायचं, ते पुस्तकात जाणार, त्यावरच तिची डॉक्टरकी. मी दुवा दिली. साखर वाटली कॉलेजात.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, हायवेवर रास्ता रोको झाला. हैदराबादच्या बसा वेशीबाहेरच उभ्या. मी डबा घेऊन दोन वाजेपर्यंत स्टँडवर बसले आणि मग रिक्षा करून परत कॉलेजात आणला. गोळे वाया जाऊ नयेत म्हणून बाटली बाहेर काढली, तर आत पाण्यात सुयांसारखा बारीक बर्फ. बाटलीच्या आत. मला वाटलं, चला, चांगली थंड राहिली. तरी सवयीनं एक थेंब काचेवर घेतला, रंग टाकला.

सकाळी मी शंभरात पाच लाल मोजली होती. आता डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखं दिसत होतं. मोजली. निम्म्याच्या वर लाल.

दुसरी बाटली, तेच. तिसरी, तेच.

बुधवारी सकाळी मी करीमभाईकडनं नवे गोळे आणले. दोन डबे केले, एकात मीठ, एकात नुसता बर्फ. दोन्ही पाच तास उन्हात व्हरांड्यात ठेवले, बर्फ वितळेल तसा घालत राहिले. नुसत्या बर्फातली स्वच्छ. मिठातली लाल. तेव्हा मला बशीरची गाडी नीट आठवली. नुसत्या बर्फात ठेवलं तर दूध गार होतं, गोठत नाही. मीठ टाकल्यावर गोठतं. म्हणून तर टाकायचं, म्हणून तर त्याची कुल्फी होते. मी अख्खा उन्हाळा वैशालीच्या किड्यांची कुल्फी करून पाठवत होते. सगळे मेले असते तर तिकडं लगेच कळलं असतं. निम्मेशिम्मे मरायचे. मेलेले फुटायचे, त्यांच्या चिंध्या बाटलीभर व्हायच्या, आणि त्या चिंध्या गिळून पेशी भडकायच्या. उन्हाळ्यानं किड्याला काही केलं नव्हतं. मीठ मी टाकलं होतं.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. घरी गेले, भाकरी केल्या, नमाज पढले. मनात येत होतं, इथून पुढं मीठ बंद करू, कुणाला काय कळतंय? उमरग्याचा नमुना परत मोजायला नको म्हणतात, ती अब्रू मी अशी घालवू? पोरगीसुद्धा खुश आहे, तिचे मोठे लोक खुश आहेत. एका बाजूनं सगळं गोड दिसत होतं.

पण मग मला तिची आई दिसायला लागली. त्या बाईच्या पोटाबद्दल गावानं पुडी सोडली होती आणि ती खोटी ठरवायला पोटावर टाके पडावे लागले. त्याच बाईची लेक आता पुस्तक लिहिणार आणि त्या पुस्तकात माझी पुडी असणार. पुढं कुणीतरी उन्हाळ्यात हाच प्रयोग करील, त्याच्या पेशी गप्प बसतील आणि तो म्हणेल, सास्तूरची ती बाई खोटं लिहून गेली.

गुरुवारी दुपारी मी फोन केला.

"पोरी, उन्हाळ्याचा दोष न्हाय. माझ्या मिठाचा हाय."

"मीठ?" ती म्हणाली. "बाटलीत?"

"बाटलीत न्हाय. बर्फात. कुल्फीवाले टाकतात तसं. बाटल्या आत गोठत होत्या. मी काल-परवा बघितलं, निम्मे मरतात."

पलीकडं कुठलं तरी यंत्र फिरत होतं, त्याची घरघर ऐकू येत होती.  मला वाटलं आता रडेल, नाही तर रागावून बोलेल. बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. शनिवार दोन दिवसांवर होता.

"किती टाकत होता?" तिनं विचारलं.

"दोन ओंजळी."

"प्रत्येक डब्याला?"

"वहीत लिहिलंय."

 मग ती म्हणाली, "मावशी, वही घेऊन या."

शुक्रवारी पहाटेच्या बसनं निघाले. ओळखीचा कंडक्टर होता, म्हणाला, अम्मा, आज डब्बा नहीं? मी म्हटलं, आज मीच नमुना आहे.

तिकडं मॅडम होत्या. मला वाटलं उभं ठेवतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वही मधे ठेवली. मी वाचत गेले, वैशाली तिच्या कागदांवर खुणा करत गेली. डबा, तारीख, गोळे किती, वाळू किती, लाल किती, बर्फ, मीठ दोन ओंजळी. डबा, तारीख, बर्फ, मीठ दोन ओंजळी. मग मधेच एक डबा आला, मीठ नाही. आणि आणखी एक, मीठ नाही.

"हे का न्हाय?" वैशालीनं विचारलं.

"हे दोन तू स्वतः नेलेस. आईला भेटायला आली होतीस तेव्हा. तुझ्या मामाच्या गाडीत एसी होता, मीठ कशाला वाया घालवू?"

तिनं तिचे कागद उलटले. एका पानावर बोट ठेवून ती थांबली. त्या दोन डब्यांच्या पुड्यांनी भर उन्हाळ्यात पेशी गप्प बसवल्या होत्या, हिवाळ्यातल्यासारख्याच. आणि तिनं त्या दोन्हींवर काट मारून शेजारी लिहिलं होतं, नमुना खराब.

 ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, चांगलं होतं तेच मी फेकत होते."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, एकीनं मीठ टाकलं, एकीनं काट मारली, आणि परत मोजायला नको असं मी म्हटलं, आता तिघींनी मिळून परत करायचं. शनिवारचं रद्द झालं.

वैशालीचं जवळजवळ सहा महिन्यांचं काम गेलं. हे मी हसत सांगत असले तरी ते सहा महिने माझ्या मनातून जात नाहीत. तिच्याबरोबरच्या पोरी पुढं निघून गेल्या. तिची आई फोनवर विचारायची, संपलं का गं तुझं? आणि ती म्हणायची, जरा राहिलंय. माझं नाव तिनं आईला कधी सांगितलं नाही. मीच पुढं एकदा सास्तूरला जाऊन सांगितलं. तिची आई म्हणाली, "दहा वर्षं माझ्या पोटात राहिला त्यो, सहा महिनं अजून ऱ्हाऊ द्या," आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, अजून चव आहे जिभेवर.

बशीरला सांगितलं तर तो म्हणतो, "आपा, थोडा इलायची-पिस्ता भी डाल देते, कुल्फी तो पूरी हो जाती." भाऊच तो, त्याच्याकडनं आणखी काय मिळणार?

काम परत केलं ते मात्र चोख. डब्यात नुसता बर्फ, दर दोन थांब्यांनी कंडक्टर ताजा घालायचा. रंगाची मोजणी इथंही आणि तिथं पोचल्यावरही, दोन्हीकडं. आणि वैशालीनं एक गोष्ट मला मुद्दाम करायला लावली. दर चौथा डबा मीठ टाकून पाठवा, म्हणाली. मी म्हटलं, जखमेवर मीठ कशाला चोळतेस पोरी? ती म्हणाली, किडा जिवंत असताना काय पाठवतो आणि मेल्यावर त्याचं काय उरतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं तरच लोकांना पटेल.

शेवटच्या खेपेला मी तिकडं गेले, डोळ्यानं बघायला. पुड्या दिसत नाहीतच. एक यंत्र आहे, ताक घुसळायच्या रवीला हजारपटीनं वेग दिला तर कसं होईल तसं फिरतं, तेव्हा त्या तळाला बसतात. बसल्या आहेत असं म्हणायचं, दिसत काहीच नाही. दिसतो तो पेशींचा ओरडा. एका पांढऱ्या ताटलीत करंगळीएवढ्या वाट्या असतात. वाट्यांतल्या पेशींना आधी मुद्दाम डिवचतात, मग त्यांनी जो ओरडा सोडला त्यात रंगाचं औषध घालतात. जितका ओरडा जास्त तितका पिवळा गडद. पहिल्या रांगेत पुड्या टाकल्याच नव्हत्या, ती हळदीसारखी पिवळी. दुसऱ्या रांगेत जिवंत किड्याच्या पुड्या, तिचा रंग फिकट, पाण्यात लिंबाचा थेंब टाकल्यासारखा. आणि तिसरी माझी, मिठातल्या मेलेल्यांच्या चिंध्यांची. ती पहिलीपेक्षाही गडद.

मी त्या फिकट रांगेकडं बघत राहिले. एवढ्याशा वाट्यांत ती सास्तूरच्या बाईची दहा वर्षं होती. त्या बाईचं अंग कमजोर नव्हतं, तिचे पहारेकरी झोपाळू नव्हते. त्यांना रोज, शांतपणे, पुडीत बांधून खोटं सांगितलं जात होतं. वैशाली शेजारी उभी होती. मी तिला विचारलं, आईला दाखवलंस का हे? ती म्हणाली, फोटो पाठवला. आई म्हणाली, लेमन गोळीसारखा रंग हाय.

वैशाली आता डॉक्टर झाली. मी रिटायर झाले. मागच्या महिन्यात ती पुस्तक घेऊन उमरग्याला आली. एवढं जाडं, सगळं इंग्रजीत. मला त्यातलं काय कळणार? ती म्हणाली, मावशी, पान उघडा, चित्र आहे. उघडलं. तीन खांब काढलेले, एक उंच, एक बुटका, एक सगळ्यांत उंच. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नाव, इंग्रजीत. मी चष्मा सारखा केला. तिसऱ्या खांबाखाली इंग्रजी नव्हतं. तिथं आपल्या बाळबोध लिपीत एकच अक्षर होतं, म.

सगळ्या पुस्तकात मला वाचता आलेलं तेवढं एकच.

वैशालीनं सांगितलं, मॅडमनी दोनदा काढायला लावलं, तिनं दोनदा परत घातलं.

मी विचारलं, "म म्हणजे मीठ का मावशी?"

"तुम्हीच ठरवा," म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

करीमभाईला, बशीरला, त्या कंडक्टरला आणि आमच्या सगळ्या गल्लीला मी सांगून टाकलंय की ते मावशीचं म आहे. आता ही पुडी तेवढी मी सोडलेली, चालवून घ्या.